गोतमारेची गुगली

सुनेत्रा उमाठे रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. रविवारी सकाळी पुण्याहून तिच्या लेकीचा, प्रतिमाचा, व्हिडिओ कॉल आला. जेवलीस का, थंडी पडली का, असलं काही न विचारता प्रतिमानं फोन सरळ आपल्या लॅपटॉपसमोर धरला आणि म्हणाली, "आई, फक्त बघ. आणि जे वाटेल ते बोल."

प्रतिमा पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत अॅनिमेटर होती. क्रिकेटचा व्हिडिओ गेम बनवत होते ते लोक. घरच्या टीव्हीला कन्सोल जोडून खेळा, नाहीतर कॉम्प्युटरवर खेळा. पडद्यावरचे खेळाडू कसे धावतात, कसे वाकतात, चेंडू टाकताना त्यांचा हात कुठून कुठे जातो, हे सगळं जुळवून आणणं हे प्रतिमाचं काम. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्या गेममध्ये बायकांचे संघ येणार होते.

लॅपटॉपवर एक उंच मुलगी धावत आली, हात फिरवला, चेंडू टप्पा पडून हातभर वळला.

"पुन्हा दाखव," सुनेत्रा म्हणाली.

तीनदा पाहिल्यावर तिनं चष्मा काढला. "ही पोरगी लेगस्पिन टाकून राहिली का गोळाफेक करून राहिली?"

"म्हणजे गं?"

"मनगट बघ ना तिचं. पट्टीसारखं सरळ. मग चेंडू वळतो कशानं? आणि धावते कशी, खांदे टाकून, एखाद्या बाप्यासारखी."

प्रतिमा आधी हसली. मग म्हणाली, "बाप्याच आहे तो आई. एका फास्ट बॉलरची चाल रेकॉर्ड केलेली आहे. तीच सगळ्यांना लावली. बायकांच्या संघाला नुसती वेणी जोडली वरून."

सुनेत्राच्या नाकाचा शेंडा लाल झाला. हे लक्षण प्रतिमाला लहानपणापासून ठाऊक होतं.

"आई, तू टाकशील का?" तिनं विचारलं. "आम्ही येऊ जबलपूरला. अंगाला सेन्सर बांधायचे असतात, बाकी काही नाही. तू टाकायचं, ते आम्ही टिपून घ्यायचं."

"साठीची झाली मी. काहीही बोलते तू," असं म्हणून सुनेत्रानं फोन ठेवून दिला.

आई पूर्वी क्रिकेट खेळायची, एवढं प्रतिमाला माहीत होतं. त्यापलीकडे तिला तरी काय माहीत असणार? तोफांचे गाडे बनवणाऱ्या गन कॅरेज फॅक्टरीत बळीराम गोतमारे नावाचे फिटर होते, सुनेत्रा त्यांची मुलगी. बाराव्या वर्षापासून क्वार्टरच्या मागच्या अंगणात लेगस्पिन टाकायची. कुणी शिकवलं नव्हतं. चेंडू असा धरला की असा वळतो, तसा सोडला की उलटा येतो, हे तिनं भिंतीवर टाकून टाकून स्वतः शोधलं. मग विद्यापीठाचा संघ, मग खेळाच्या कोट्यातून रेल्वेत कारकुनी, आणि प्रतिमा पोटात राहीपर्यंत आणखी आठ वर्षं क्रिकेट. त्यानंतर तीस वर्षं फायली. तिच्या सामन्यांना कुणी कॅमेरा घेऊन आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या हिंदी पेपरात फार तर एक ओळ यायची, "सुनेत्रा गोतमारे ने चार विकेट झटके." ते चार बळी कसे घेतले, तिच्या हातातून चेंडू कसा सुटायचा, हे कुठेच टिपलेलं नव्हतं. ज्यांनी समोर उभं राहून पाहिलं त्यांनाच काय ते माहीत.

सोमवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, घरात टेनिसचा बॉल आहे का?"

दिवाकरराव उमाठे व्हेइकल फॅक्टरीच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले. काहून पाहिजे, असं त्यांनी विचारलं नाही. चप्पल घातली, अधारतालच्या बाजारातून सहा बॉल आणले, आणि येताना एक मोजपट्टी पण आणली.

महाराजपूरच्या त्या कॉलनीत त्यांच्या घरामागं मोकळं मैदान होतं. पोरं शाळेत गेली की रिकामंच असायचं. पहिल्या दिवशी सुनेत्राचा पहिला चेंडू दिवाकररावांच्या डोक्यावरून गेला. दुसरा तिच्याच पायापाशी आपटला. तिसरा शेजारच्या नंदाच्या वाळत घातलेल्या चादरीत शिरला. सुनेत्रा तिथंच उकिडवी बसली. तिला रडू आलं नाही, संताप आला. हात तिचाच होता, पण तिचं ऐकत नव्हता.

"चला घरी," ती म्हणाली.

"थांब ना," दिवाकरराव म्हणाले. ते स्टंपांच्या जागी ठेवलेल्या विटांमागं उभे होते, हातात मोजपट्टी. "तिसरा वळला होता. चादरीत गेला म्हणून तुला दिसला नाही. मी पाहिला."

"तुम्हाला काय कळते त्यातलं?"

दिवाकररावांनी मोजपट्टी गुंडाळली. थोडे घुटमळले. मग म्हणाले, "तुला एक गोष्ट सांगितली नाही मी आजवर. तुमच्या घरी पाहायला आलो ना, त्याच्या आधल्या शनिवारी मी रेल्वेच्या ग्राउंडवर गेलो होतो. आमच्या बाबूजींनी सांगितलं होतं पोरगी क्रिकेट खेळते, मी म्हटलं पाहू तरी. झाडाखाली उभा होतो. तू पाच जणींना आउट केलं. घरी येऊन मी आईला म्हटलं, चहापोह्याला जाऊ, पण माझं ठरलं आहे."

पस्तीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच बाहेर आलं होतं. सुनेत्रानं त्यांच्याकडे बघितलं, पदर खोचला आणि बॉल मागितला.

त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. रोज सकाळी चाळीस चेंडू. दिवाकरराव टप्प्यापासून वळण मोजायचे आणि फॅक्टरीतल्या सवयीनं मोठ्यानं सांगायचे, "चार इंच. सहा इंच. रिजेक्ट. सात इंच, पास." दहाव्या दिवशी सुनेत्राचा खांदा असा धरला की वेणी घालता येईना. नेपियर टाउनमधल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरनं हात उचलून पाहिला आणि विचारलं, "आंटीजी, गिर गई थीं क्या?"

"नहीं. गुगली डाल रही थी."

डॉक्टर हसला. सुनेत्रा हसली नाही. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि नीट, मन लावून, खांद्याचे चार व्यायाम शिकवले.

डिसेंबर संपता संपता हात वळणावर आला. एका सकाळी तिनं चेंडू सोडला आणि तो सुटताना बोटांच्या टोकांना जी सरसर जाणवली, ती तिनं ताबडतोब ओळखली. चेंडू हवेत थोडा तरंगला, मग एकदम खाली आला आणि वीत-सव्वा वीत वळून विटांच्या बाहेरून गेला. दिवाकरराव मोजायला वाकले, पण मोजलं नाही. नुसतेच तिच्याकडे बघून हसले. त्या संध्याकाळी सुनेत्रानं पुण्याला फोन लावला. "ये," ती म्हणाली. "पण एकच चेंडू घेऊन जायला येऊ नको. लेगस्पिनरजवळ चार चेंडू असतात."

जानेवारीत प्रतिमा आली, सोबत श्रीरंग. मदन महल स्टेशनवर उतरून ऑटोनं दोघं घरी पोचले तेव्हा श्रीरंगच्या हातात एक काळी पेटी होती, अंड्यांची टोपली धरावी तशी धरलेली. गेममध्ये काय असावं, कसं असावं हे ठरवणारा तो माणूस. पुण्यात क्लबकडून बरंच क्रिकेट खेळलेला. बोलायला नम्र, पण डोळ्यांतली शंका लपत नव्हती. प्रतिमानं हट्ट धरला म्हणून तो आला होता.

"काकू, तुम्ही अजिबात ताण घेऊ नका," चहा घेताना तो म्हणाला. "दहा-बारा चेंडू झाले तरी पुष्कळ. साधा लेगब्रेक मिळाला की बाकीचं आम्ही तिकडे बसवून घेऊ."

"बसवून घेऊ" हे शब्द सुनेत्राला खड्यासारखे लागले. पण तो घरी आलेला पाहुणा होता. तिनं त्याच्या ताटात आणखी एक खोव्याची जिलबी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ओळखीच्या एका जिमच्या हॉलमध्ये गेले. तिथं सुनेत्राच्या जुन्या ट्रॅकसूटवरून प्रतिमानं पट्टे बांधले. दंड, कोपर, मनगट, कंबर, गुडघे, पावलं, कपाळ, सगळीकडे काडेपेटीएवढ्या सतरा डब्या. त्या डब्या अंगाची हालचाल लॅपटॉपला कळवायच्या आणि पडद्यावर एक हिरवा सांगाडा तशीच हालचाल करायचा. सुनेत्रानं हात वर केला, सांगाड्यानं केला. ती वाकली, तो वाकला. पण तिनं चेंडू टाकला, तर सांगाड्याचा उजवा हात पाठीतून आरपार बाहेर आला आणि गुडघा उलटा मोडला.

दोन तास तेच चाललं. पट्टे सोडले, बांधले, पेटी बंद केली, चालू केली. सांगाडा दर खेपेला नव्या तऱ्हेनं मोडायचा. श्रीरंगनं शेवटी घड्याळाकडे पाहिलं.

दिवाकरराव कोपऱ्यात बसून सगळं पाहत होते. त्यांनी विचारलं, "या डब्यांमध्ये होकायंत्र आहे का?"

"तसंच काहीतरी असतं काका," श्रीरंग म्हणाला. "दिशा कळायला."

"मग इथं कशी कळणार? वर लोखंडी छत, बाजूला लोखंडी वजनं, खाली पण सळया. अख्खी नोकरी लोखंडात गेली माझी. मैदानावर चला."

श्रीरंगनं कपाळावर हात मारला. लोखंडाजवळ सेन्सर बिथरतात हे त्याला माहीत होतं. छताकडं मान वर करून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला कॉलनीच्या मैदानावर उबदार ऊन पसरलं होतं. बायका चटया टाकून मटार सोलत बसल्या होत्या. जानेवारीत जबलपूरला घरोघर हेच काम. सुनेत्राला त्या अवतारात बघून सगळ्यांचे हात थांबले. नंदा जवळ आली, डब्यांकडे बघून हळूच म्हणाली, "दीदी, फटेगा तो नहीं ना?"

"फॅक्टरी का माल नहीं है, पुणे का है," सुनेत्रा म्हणाली, आणि सगळ्या जणी हसल्या.

मैदानावर सांगाडा शहाण्यासारखा वागू लागला. पण आता सुनेत्राचंच बिनसलं. इतक्या जणी बघतायत, लेक बघतेय, पुण्याचा पाहुणा बघतोय. पहिले चार चेंडू वाया गेले. श्रीरंग पुढं झाला. "काकू, मी बॅट घेऊन उभा राहतो समोर. बॅट्समन दिसला की लय येते." खरंच चांगल्या मनानं म्हणाला तो.

सुनेत्रानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पाय कसे ठेवलेत, बॅट कशी धरली आहे, वजन कुठल्या पायावर आहे. तीस वर्षांत तिनं असं कुणाकडे पाहिलं नव्हतं. आणि पाहता पाहता तिच्या मनातली बाकीची माणसं पुसली गेली. चटया, मटार, लॅपटॉप, काहीच उरलं नाही. समोर एक बॅट्समन होता आणि तो पुढचा पाय जरा जास्त आडवा टाकत होता.

पहिला चेंडू लेगब्रेक. श्रीरंगनं सावधपणे खेळून काढला. दुसरा तसाच, पण थोडा हळू. तो बॅटच्या कडेजवळून सुटला आणि श्रीरंगनं भुवया उंचावल्या. तिसराही तसाच आला. तीच धाव, तीच उडी, तोच हात. श्रीरंगनं बाहेर वळणाऱ्या चेंडूसाठी पाय आडवा टाकला. चेंडू टप्पा पडून उलटा आत आला, बॅट आणि पायाच्या मधून गेला आणि वीट आडवी पाडली.

श्रीरंग वाकून जमीन बघू लागला. "खडा होता का?"

"खडा नाही," सुनेत्रा म्हणाली. "परत टाकू का?"

तिनं परत टाकला. आधी टाकणार म्हणून सांगूनही श्रीरंगला तो कळला नाही. तिसऱ्यांदा वीट पडली तेव्हा चटयांवरून टाळ्या आल्या आणि दिवाकरराव खणखणीत आवाजात ओरडले, "सव्वा वीत! पास!"

श्रीरंगनं बॅट काखेत धरली आणि खेळपट्टीवरून चालत तिच्यापर्यंत आला. "काकू," तो म्हणाला, "चारही चेंडू द्या. हवे तेवढे वेळा द्या. मी उद्याचं तिकीट बदलतो."

त्या दिवशी तिनं चौसष्ट चेंडू टाकले. लेगब्रेक, गुगली, टप्पा पडून सरळ उसळणारा टॉपस्पिनर, आणि अंगठ्यानं चिमटून सोडलेला, खाली राहणारा फ्लिपर. बोटं नीट टिपली जावीत म्हणून प्रतिमानं समोर आणि बाजूला दोन कॅमेरे लावले होते. शेवटी शेवटी ती लॅपटॉप सोडून नुसतीच आईकडे बघत राहिली तेव्हा श्रीरंगनं विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही. माझी आई आहे ती."

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रतिमानं कच्चं काम उभं केलं आणि कन्सोल घरच्या टीव्हीला जोडला. पडद्यावर एक अनोळखी मुलगी धावत आली. चेहरा वेगळा, उंची वेगळी, पण उडी मारताना डावा खांदा जरासा पडला आणि सुनेत्राच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे आपण आहोत. एकवीस वर्षांच्या आपण. स्वतःला टाकताना तिनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. बाहेरून हे असं दिसत होतं तर! आपण चांगलं टाकायचो, हे तिला माहीत होतं. इतकं देखणं टाकायचो हे आज कळलं.

मग तिची नजर खेळपट्टीवर गेली. मुलीनं चेंडू सोडायच्या आधीच टप्प्याच्या जागी एक लाल कडं उमटत होतं.

"हे लाल काय आहे?"

"ती खूण आहे काकू," श्रीरंग म्हणाला. "चेंडू कुठे पडणार ते बॅटिंग करणाऱ्याला दिसतं. निळं म्हणजे लेगब्रेक, लाल म्हणजे गुगली."

सुनेत्रानं हातातली सुपारीची डबी खाली ठेवली. "म्हणजे मी हात लपवला आणि तुम्ही वर पाटी लावली."

"काकू, गेममध्ये असं करावंच लागतं. खेळणाऱ्याला अर्धा सेकंद मिळतो. खूण नसेल तर लोक दर चेंडूला आउट होतील, वैतागतील, गेम बंद करतील."

"वैतागू दे ना. मैदानात कोण खूण करून सांगते? ती गुगली शिकायला मला तीन वर्षं लागली. तो चेंडू म्हणजे वळण नाही बाळा, तो न कळणं म्हणजे तो चेंडू. कळलाच आधी तर मग राहिलं काय त्यात?"

"आई..." प्रतिमा मध्ये पडायला गेली.

"तू थांब. श्रीरंग, ते कडं काढता येते का? दहा मिनिटं फक्त. तू खेळ, मी बसते इथंच."

श्रीरंगनं कडं बंद केलं आणि कंट्रोलर हातात घेतला. पहिल्या चेंडूला त्रिफळा. तिसऱ्याला त्रिफळा. पाचव्याला पायचीत. तो ओठ चावत खेळत होता. दिवाकरराव शेजारी बसून दर वेळी "रिजेक्ट" म्हणत होते. वीसेक चेंडू झाल्यावर सुनेत्रा शांतपणे म्हणाली, "चेंडूकडे नको बघू. हाताकडे बघ. तळवा तुझ्याकडे असला तर बाहेर जाईल. हाताची पाठ दिसली की आत येईल."

श्रीरंग पुढं सरकून बसला. आणखी सात-आठ चेंडू गेले. मग एकाएकी तो "पाठ!" असं ओरडला, कंट्रोलर फिरवला आणि पडद्यावरचा चेंडू मिडविकेटवरून सीमापार गेला. श्रीरंग उभा राहिला होता. आपण उभे आहोत हे त्याला कळलंही नव्हतं.

"आत्ता जे वाटलं," सुनेत्रा म्हणाली, "ते त्या लाल कड्यानं वाटलं होतं का?"

श्रीरंगनं कंट्रोलर खाली ठेवला. मग म्हणाला, "नाही, काकू."

पुण्याला गेल्यावर ऑफिसात या गोष्टीवरून दोन आठवडे वाद झाला, असं प्रतिमानं नंतर सांगितलं. शेवटी तोडगा निघाला. ज्यांना कडं हवं त्यांना कडं. पण ज्यांना नको त्यांच्यासाठी वेगळा पर्याय ठेवायचा. मराठीत खेळणाऱ्यांसाठी त्याचं नाव ठेवलं "हात वाचा". गेमच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावं येतात, तिथं आईचं नाव कसं लिहू, असं प्रतिमानं फोनवर विचारलं.

"गोतमारे लिही," सुनेत्रा म्हणाली. मग बाजूला बसलेल्या नवऱ्याकडे तिनं जरा बावरून पाहिलं.

दिवाकरराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बरोबरच आहे. झाडाखाली मी तेच नाव ऐकलं होतं."

दसऱ्याच्या सुमाराला गेम बाजारात आला. पहिला आठवडा शिव्यांचा होता. या बाईला कुणी खेळूच शकत नाही, असं लोक लिहीत होते. दुसऱ्या आठवड्यात सूर बदलला. कुणीतरी गुगली ओळखल्याचा व्हिडिओ टाकला, पाठोपाठ शंभर जणांनी टाकले. कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्या हाताबद्दल भांडू लागले. मनगट कधी फिरतं, कितव्या पावलाला ओळखता येतं, याचे नकाशे काढू लागले. प्रतिमा रोज वाचून दाखवायची. सुनेत्रा ऐकायची आणि म्हणायची, "चौथ्या पावलाला नाही ओळखता येत. थापा मारून राहिला तो." दिवाकरराव मात्र ऑटोत बसले की अधारताल येईपर्यंत ऑटोवाल्याला अख्खी हकिगत ऐकवायचे. "भैया, दुनिया भर के लड़के आउट हो रहे हैं," असं म्हणून सुनेत्राकडे बोट दाखवायचे. ती आधी लाजायची. नंतर नंतर ताठ बसायला लागली.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "गोतमारे आहे का?" पलीकडून बाईचा भरदार आवाज आला. या नावानं तिला कुणी हाक मारल्याला तीन दशकं होऊन गेली होती.

"बोलून राहिली. कोण?"

"भानुमती. बिलासपूर. चौऱ्याऐंशीची विद्यापीठांची मॅच. तू मला दोन्ही इनिंगला त्याच गुगलीवर आउट केलं होतं. आठवते का?"

सुनेत्राला आठवलं. लांब हातांची, कव्हर ड्राइव्ह असा मारायची की फिल्डरनं हलूच नये. "आठवते ना. नंबर कुठून मिळाला तुला?"

"ऐक तर. माझी नात टीव्हीवर क्रिकेट खेळून राहिली होती. मी आपली भाजी निवडून राहिली. सहज मान वर केली, तर एक पोरगी बॉलिंगला आली आणि तिचा डावा खांदा पडला. माझ्या हातातली मेथी खाली पडली गं. मी नातीला म्हटलं, हाताची पाठ बघ, आत येईल. आलाच आत. ती म्हणे, आजी तुला कसं कळलं? मी म्हटलं, या बाईला मी ओळखते. नाव काही भलतंच होतं. मग म्हटलं, शेवटची नावं लाव. इतकी लोकं निघाली, पण मी उठली नाही. खाली सापडलं, सुनेत्रा गोतमारे, जबलपूर. मग काय, रेल्वेतल्या चार लोकांना विचारून नंबर काढला." ती दम घ्यायला थांबली. "चाळीस वर्षं मी लोकांना सांगून राहिली की एक पोरगी असा चेंडू टाकायची. कुणाला खरं वाटायचं नाही. आता मी टीव्हीवर दाखवते."

जगभरच्या लोकांनी लिहिलेलं सगळं ऐकून सुनेत्राला बरं वाटलं होतं. पण जिनं समोर उभं राहून तो चेंडू खेळला होता, तिनं आज साक्ष दिली होती.

"ये ना इकडे," ती म्हणाली. "मटारचे दिवस येऊनच राहिले. चार दिवस राहा."

भानुमती डिसेंबरात आली. दोन्ही गुडघे दुखत होते, तरी दुसऱ्याच सकाळी म्हणाली, "चल मैदानावर." दिवाकरराव विटा मांडून मागं उभे राहिले. सुनेत्रानं पाच चेंडू टाकले, भानुमतीनं हळूहळू, जपून खेळून काढले. सहावा जरा पुढं पडला. भानुमतीचा पाय टप्प्यापर्यंत पोचला नाही, पण हात पोचले. लांब, संथ, काही घाई नसल्यासारखे. चेंडू गवतावरून सरपटत थेट नंदाच्या कुंपणाला जाऊन लागला. सुनेत्रा कंबरेवर हात ठेवून तो जाताना बघत राहिली. आपला चेंडू कुणी मारला याचा इतका आनंद तिला कधीच झाला नव्हता.

घरी येऊन तिनं आधी पुण्याला फोन लावला.

"काय गं आई? पुढच्या वर्षीच्या गेमचं विचारायला मीच फोन करणार होते," प्रतिमा म्हणाली. "येऊ ना जानेवारीत?"

"ये," सुनेत्रा म्हणाली. "पण या खेपेला पेट्या दोन आण. मुलींची बॅटिंग पण तुम्ही बाप्याचीच लावली आहे ना? इथं एक कव्हर ड्राइव्ह आला आहे बिलासपूरहून."